पिंपळखडक पुण्यात नाही

सकाळी फोन वाजला तर तो मी उचलायचा नाही, हे आमच्या घरात कधी बोलून ठरलं नाही, पण तसंच चालतं. मी उचलला तर पलीकडच्याचं नाव दोनदा विचारतो आणि ठेवल्यावर काय बोलणं झालं ते मला धड सांगता येत नाही. त्या दिवशी हेमा गॅलरीत कपडे वाळत घालत होती, म्हणून नाइलाजाने उचलला.

"आजोबा, मी विजयमाला. हॉस्टेलची जागा आली."

"कुठून आली?"

"एक मुलगी सोडून गेली, वेटिंगमध्ये माझा नंबर लागला. आजच्या आज सामान घेऊन राहायला या म्हणालेत, नाहीतर पुढच्या मुलीला फोन करणार. आणि लोकल गार्डियन समक्ष पाहिजे. तुमचं नाव दिलंय, लक्षात आहे ना?"

"आहे तर," मी म्हणालो. लक्षात नव्हतं.

विजयमाला ही गेनबाची नात. गेनबा पिंपळखडकहून आमच्याकडे दूध घालायचा, आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर. रविवारी नातीला पुढे टाकीवर बसवून आणायचा आणि तो सोसायटीत दूध घालत फिरे तोवर ती माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे बसून राही. पुढे गेनबा गेला आणि आमचं दूध पिशवीतलं झालं, पण मुलगी पुस्तकांसाठी येत राहिली. बारावीला तिला इतके मार्क पडले की तिच्या वडिलांनी, हिंदुरावांनी, आधी गावभर पेढे वाटले आणि मग ते काळजीत पडले. शहरातल्या चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, पण प्रॅक्टिकल संपेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि गावाकडची शेवटची बस त्याआधीच निघून गेलेली असायची. महिनाभर हिंदुरावांनी आपल्या स्कॉर्पिओतून तिची ने-आण केली. मग सांगून टाकलं, "या महिन्यात हॉस्टेल मिळालं तर मिळालं. न्हाई तर नाक्यावरचं कॉमर्स कॉलेज काय वाईट हाय? घरला जेवून जाईल, घरला येऊन जेवंल."

महिना संपत आला होता.

हेमा गॅलरीतून आत आली. मी तिला सगळं सांगितलं, दोनदा, कारण पहिल्यांदा नीट सांगता आलं नाही.

"तुम्ही आणि स्थानिक पालक?" ती म्हणाली. "परवा बँकेत सही करायला मी बरोबर आले होते तुमच्या."

"मग तू येतेस का?"

"मला नाही बोलावलेलं. स्वच्छ रुमाल घ्या, आणि विचारतील तेवढंच बोला."

हे तिने मला लग्नानंतर अनेकदा सांगितलं आहे. त्या दिवशी मी ते ऐकायला हवं होतं.

कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक वाचतील आणि चुका काढतील. मुलींचं वसतिगृह कॉलेजच्या मागच्या बाजूला, दगडी, जुनं. फाटकाशी पोहोचलो तर हिंदुराव माझ्या आधी हजर होते. स्कॉर्पिओ होती, तिच्या मागे एक टेम्पो होता, आणि टेम्पोत पलंग, गादी, दोन पोती, पाण्याचा पिंप, शेगडी आणि एक शिलाई मशीन होतं. टेम्पोच्या हौद्यात, सामानाच्या मधोमध, हिंदुरावांच्या आई बायडाबाई पोत्याला टेकून बसल्या होत्या.

"पलंग कशाला आणला?" मी विचारलं. "तिथे पलंग असतो."

"लोकांच्या पलंगावर पोरगी कशाला झोपंल, सर?" हिंदुराव म्हणाले. मी ग्रंथालयात नोकरीला होतो, शिक्षक कधीच नव्हतो, पण ते मला सरच म्हणतात.

"आणि शिलाई मशीन?"

"ते आईनं चढवलं. मला इचारू नका."

तेवढ्यात माझं लक्ष फाटकाकडे गेलं. बजरंग नावाचा त्यांचा एक कार्यकर्ता फाटकाच्या गजांना फ्लेक्स बांधत होता. हिंदुरावांनी कुठेही पाऊल टाकलं की त्यांच्या आधी फ्लेक्स पोहोचतो. या फ्लेक्सवर विजयमालेचा फोटो लहान होता, हिंदुरावांचा मोठा, आणि वर लिहिलं होतं: 'पुणे शहरातील पिंपळखडक येथील पहिली महिला इंजिनिअर (होणाऱ्या) कु. विजयमाला यांचे वसतिगृहात पदार्पणाबद्दल हार्दिक अभिनंदन.' त्यातलं 'पुणे शहर' सगळ्यात ठळक होतं.

त्यालाही कारण होतं. पिंपळखडक महानगरपालिकेत घ्यावं म्हणून जी कृती समिती झाली, तिचे हिंदुराव अध्यक्ष. त्यासाठी ते मोर्चे घेऊन गेले, चावडीपुढे उपोषणाला बसले, आणि गाव शेवटी हद्दीत आलं त्या दिवशी त्यांनी वेशीवर कमान उभी केली, 'पुणे शहरात आपले सहर्ष स्वागत'. कमानीच्या आत रस्ता नाही, पाणी टँकरने येतं, पण जमिनीचा भाव त्या दिवसापासून शहराचा झाला. हिंदुरावांना भावाचा आनंद होताच. तरी मला वाटतं, त्याहून जास्त आनंद त्यांना पुणेकर झाल्याचा होता. गेनबाला सोसायटीतल्या काही बिऱ्हाडांनी कधी जिन्याच्या वर येऊ दिलं नव्हतं, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं.

"बाबा, तो फ्लेक्स काढा ना प्लीज," विजयमाला म्हणाली. "सगळ्या मुली बघतायत."

"बघू दे की. बघण्यासाठीच लावलाय."

वसतिगृहाच्या रेक्टर सरोजिनीबाई फाटकावरचा फ्लेक्स संपूर्ण वाचून मगच कार्यालयात आल्या. बाई साठीच्या पुढच्या, पांढरी सुती साडी, चष्मा दोरीला अडकवलेला. त्यांच्या टेबलामागे एक पाटी होती: 'प्रश्न विचारण्यापूर्वी नियमावली वाचावी. वाचल्यावर प्रश्न उरत नाहीत.' भिंतीवर लावलेली ती नियमावली मी वाचायला लागलो, कारण समोर छापलेलं काही असलं की माझ्याने राहवत नाही.

"पदार्पण झालं का?" बाईंनी विचारलं.

"व्हय म्याडम," हिंदुराव हात जोडून म्हणाले. "सामान कुठं उतरवू?"

"उतरवू नका अजून. मुलगी कुठली?"

बाईंनी हा प्रश्न सवयीने विचारला होता. प्रवेश अर्जात विजयमालेने गाव, तालुका, जिल्हा असं लिहिलं होतं, आणि तालुक्याकडे बघून बाईंनी तिला बाहेरगावची धरलं होतं. 'पिंपळखडक' एवढं सांगितलं असतं तर पाच मिनिटांत सामान वर गेलं असतं.

"आम्ही बाहेरचे न्हाई, म्याडम," हिंदुराव छाती पुढे काढून म्हणाले. "पुण्याचेच. शहराचेच. मी सोता कृती समितीचा अध्यक्ष."

बाईंनी चष्मा लावला. "म्हणजे आपण पुणेकर?"

"शंभर टक्के."

बाईंनी माझ्याकडे मान वळवली. "आपण कोण?"

"स्थानिक पालक," मी म्हणालो. "म्हणजे, तसं लिहिलंय."

"आपण शिकलेले दिसता. हे म्हणतात ते खरं आहे का? गाव खरंच हद्दीत आलंय?"

मी आयुष्यभर ग्रंथालयात संदर्भ विभागाच्या खिडकीशी बसलो. कोणी प्रश्न विचारला की अचूक उत्तर द्यायचं, एवढंच मला येतं. त्या उत्तराने कोणाचं काय होईल याचा विचार संदर्भ विभागात करत नाहीत.

"हो," मी म्हणालो. "तशी अधिसूचना निघाली आहे. राजपत्रात आहे."

विजयमालेने माझ्याकडे पाहिलं. मला ते पाहणं तेव्हा कळलं नाही. मग माझी नजर पुन्हा भिंतीवर गेली आणि मी जिथे थांबलो होतो त्याच्या पुढचा नियम वाचला: 'पुणे शहरातील रहिवासी विद्यार्थिनींना वसतिगृहात प्रवेश दिला जात नाही.'

"वाचलंत?" बाई म्हणाल्या. "मग आता प्रश्न उरला नसेल."

हिंदुरावांनाही तो नियम वाचून दाखवावा लागला. मी दाखवला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि मग त्यांनी जे सुरू केलं ते त्यांनी आजवर जमीन घ्यायला आलेल्या एकाही माणसाला सांगितलं नसेल.

"म्याडम, नावाला हाय हो शहर. पाणी न्हाई. टँकर येतो, तो बी आमच्या पुतण्याचा. गटार न्हाई. रस्त्यावरनं खडीचे डंपर पळत्यात. बस दिवसातनं तीनदा येती, त्यातली एक बंद पडती."

"पाणी तर आमच्या पेठेतही येत नाही," बाई म्हणाल्या. "ते काही शहर नसल्याचं लक्षण नाही."

"पर आम्ही कर भरतो तरी कायबी न्हाई."

"कर हडपसरही भरतं. म्हणून ते पुणे झालं का? पण तो आपला प्रश्न. आपण स्वतः सांगितलंत, फाटकावर लावलंत, आणि हे गृहस्थ राजपत्राचा हवाला देतात. आता मी काय आपल्याला खोटं पाडू?"

"नगरसेवकाला फोन लावू का, अध्यक्ष?" बजरंग दारातून म्हणाला.

"कुठला नगरसेवक? निवडणूकच झाली न्हाई अजून."

बाई उठल्या. "मी जेवायला जाते. जेवून आले की पुढच्या मुलीला फोन करीन. सामान टेम्पोतच ठेवा, परत चढवायचा त्रास नको."

आम्ही बाहेर येऊन आवारातल्या कट्ट्यावर बसलो. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी तर कोणाकडेच बघू शकत नव्हतो. पुस्तकांच्या कपाटापुढे बसलेली ती लहान मुलगी डोळ्यांपुढे येत होती, आणि मी राजपत्राचा हवाला दिला होता. पुढची मुलगी कोण असेल, तिच्या घरीही असंच काही असेल, असंही एकदा मनात आलं. ते मी आत दाबून टाकलं.

"सर, तुम्ही तरी गप बसायचं हुतं," हिंदुराव म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"बाबा, सुरुवात तुम्ही केली," विजयमाला म्हणाली. "आजोबांना काय बोलता?"

"मी खोटं बोललो का? उपास कोणी केलता? तुझ्या त्या बाईनं?"

बायडाबाई टेम्पोतूनच ओरडल्या, "आरं, ती बाई काय म्हंती?"

"आपण पुण्याचे म्हून जागा न्हाई म्हंती, आये."

"मग सांग की न्हाई पुन्याचे. काय अडलंय तुझं?"

हिंदुरावांनी टोपी सारखी केली. बजरंग मोबाईलवर काहीतरी टाइप करत होता, बहुधा गावच्या ग्रुपवर, कारण मधूनच म्हणाला, "अध्यक्ष, संभाजीनं अंगठा टाकलाय, पदार्पणाला."

विजयमाला माझ्याजवळ सरकली. मग हळू म्हणाली, "आजोबा, त्या काय म्हणाल्या ऐकलंत? हडपसर कर भरतं म्हणून पुणे झालं का, असं म्हणाल्या. त्यांच्या मते हडपसर पुण्यात नाही. मग आम्ही कसे असू?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांना आम्ही पुण्यात नकोच आहोत. आम्हालाही आज पुण्यात असायचं नाही. मग भांडण कसलं आहे?"

मी तिच्याकडे पाहत राहिलो. मी पुस्तकांत आयुष्य घालवलं आणि एक वाक्य मला असं वाचता आलं नव्हतं. पण ते मी बोललो नाही. मी एवढंच म्हणालो, "पण हे कोणी सांगायचं? मी सांगितलं तर आता त्या विश्वास ठेवणार नाहीत."

"बाबांनीच सांगायला पाहिजे. त्यांनीच म्हटलं होतं."

हिंदुरावांनी फाटकाकडे पाहिलं, फ्लेक्सकडे. "विजे, अगं गाव काय म्हणंल? ज्यानं कमान बांधली, त्यानंच..."

"गावाला कोण सांगणार आहे?"

दोघांनी बजरंगकडे पाहिलं. बजरंगने मोबाईल खिशात घातला, मग काढला, मग हिंदुरावांच्या हातात दिला.

"कॉमर्स बी काय वाईट न्हाई," हिंदुराव पुटपुटले. विजयमाला उठून टेम्पोकडे गेली आणि पलंगाची दोरी पुन्हा घट्ट बांधायला लागली, पलंग परत न्यायचा असल्यासारखी. हिंदुराव तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, हे आता उठतील, आणि वाटलं, नाही उठणार. मला माणसांचा अंदाज कधीच आलेला नाही.

सरोजिनीबाई जेवून परत आल्या. खुर्चीवर बसून त्यांनी फोनकडे हात नेला आणि हिंदुराव दारात उभे राहिले. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे विजयमाला, आणि टेम्पोतून उतरून आलेल्या बायडाबाई सगळ्यात मागे, दाराला धरून.

"म्याडम, एक चूक झाली बोलण्यात," हिंदुराव म्हणाले.

"कोणती?"

"मगा म्हणलो ना, आम्ही पुण्याचे. तसं न्हाई."

"म्हणजे कसं?"

"पिंपळखडक पुण्यात न्हाई."

"नीट ऐकू आलं नाही."

मला बाईंचा राग आला. त्यांना नीट ऐकू आलं होतं. पण हिंदुरावांनी टोपी काढून हातात घेतली आणि मोठ्याने म्हणाले, "पिंपळखडक पुण्यात न्हाई, म्याडम."

"कागदावर तर आहे म्हणतात."

"कागदाला काय हुतंय? पुणं ते पुणं. आमी बाहेरचे."

बाईंनी फोनवरचा हात काढला. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं समाधान दिसलं. खूप दिवसांनी कोणीतरी पटेल असं बोलल्यासारखं.

"हे सकाळीच सांगितलं असतंत तर मला गरम जेवता आलं असतं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे रोज कोणी ना कोणी येतो आणि पुणेकर म्हणून सांगतो. मी कशाला नाही म्हणू? म्हणायचं तर म्हणा, मग त्याचे परिणाम भोगा. आपण पहिलेच, ज्यांनी येऊन खरं सांगितलं. आणि असे निराश होऊ नका. लकडी पुलावरून नदीपलीकडे जाऊन बघा, तिथलेही अजून प्रयत्नात आहेत."

"हुईल तवा हुईल," हिंदुराव म्हणाले.

"खोली मिळेल. आता स्थानिक पालक. तो मात्र पुण्याचा लागतो." बाई माझ्याकडे वळल्या. "आपण कुठे राहता?"

हेमाने सांगितलं होतं, विचारतील तेवढंच बोला. मी तेवढंच बोललो. "कोथरूडला."

हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत सहानुभूती होती आणि, मला शंका आहे, थोडा दिलासाही होता.

"कोथरूड," बाई म्हणाल्या.

"फार वर्षांपासून हद्दीत आहे," मी म्हणालो, आणि बोलल्याबरोबर कळलं की सकाळचीच चूक पुन्हा केली.

"आत्ता यांच्यापुढे आपण हद्दीचं बोलायचं का? पिंपळखडक नाही आणि कोथरूड आहे, असं सांगायला मला तोंड पाहिजे. मी लहान असताना आम्ही कोथरूडला सहलीला जायचो, डबे घेऊन."

विजयमालेने डोळे मिटले. एका दमात तिची खोली आली होती आणि दुसऱ्या दमात माझ्यामुळे जात होती. मला काय सुचावं? मला एवढंच सुचलं की अशा वेळी मी नेहमी काय करतो. मी म्हणालो, "बायकोला विचारून सांगू का?"

"बायको कुठली आपली?"

"म्हणजे राहते माझ्याबरोबरच. पण माहेर नारायण पेठेत. पत्र्या मारुतीजवळ."

"हे इतका वेळ कुठे ठेवलं होतंत? बोलवा त्यांना."

हेमाला फोन विजयमालेने केला. मी केला असता तर ती आली नसती, कारण तिला काय झालं तेच कळलं नसतं. हेमा रिक्षाने आली. फाटकाशी उतरली, फ्लेक्स वाचला, टेम्पोतलं शिलाई मशीन पाहिलं, आणि कार्यालयाच्या दारात उभी राहून आधी मला नखशिखांत बघून घेतलं.

"रुमाल आहे ना?" तिने विचारलं.

मी आहे म्हणालो.

मग ती सरोजिनीबाईंकडे वळली. "बसायला खुर्ची आहे, की तीही वेटिंगवर असते?"

"आहे," बाई म्हणाल्या. "पण ती पालकांसाठी आहे. आपण पालक आहात का ते अजून ठरायचंय."

"मग बसूनच ठरवू. उभ्याने ठरलेलं फार टिकत नाही." आणि हेमा बसली.

"पत्र्या मारुतीजवळ म्हणजे नेमकं कुठे?"

"आपल्याला नेमकं माहीत असेल तर विचारायचं कशाला? आणि माहीत नसेल तर सांगून काय उपयोग?"

सरोजिनीबाईंचा चेहरा उजळला. मी हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. परदेशात आपली भाषा बोलणारं माणूस भेटावं तसं त्यांना झालं होतं. त्यांनी स्वतः उठून पंखा लावला.

"तरी राहता कोथरूडला," त्या म्हणाल्या.

"लग्न करून दिलं तिकडे. माणसाचं कुठे काय होईल सांगता येतं का?"

"किती वर्षं झाली?"

"चाळीस होऊन गेली."

"म्हणजे सध्याच," बाई म्हणाल्या. "मूळ पत्ता नारायण पेठ. सध्या काही दिवस बाहेर." आणि त्यांनी हेमापुढे सहीला रजिस्टर सरकवलं.

हेमाने सही केली. माझं नाव खोडलं गेलं. खरं सांगायचं तर मला फार हलकं वाटलं.

मग सामान चढवायचं ठरलं. पलंग, पिंप, शेगडी आणि शिलाई मशीन बाईंनी फाटकातूनच परत पाठवलं. "इथे इंजिनिअर होतात, शिंपी नाही," त्या म्हणाल्या. पोत्यांपैकी एक बायडाबाईंनी पदराआडून आत नेलं, आणि बाईंनी ते पाहिलं असावं, पण पोत्यातल्या शेंगांचा वास त्यांनाही आला असावा. आभाळ भरून आलं होतं, गादी भिजेल म्हणून बजरंगने फाटकावरचा फ्लेक्स सोडला आणि गादीवर गुंडाळला. हिंदुरावांनी त्याला थांबवून तो उलटा गुंडाळायला लावला. पांढरी बाजू बाहेर.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आम्हाला वर जायची परवानगी एकदाच, सामान ठेवण्यापुरती. खिडकीशी दुसऱ्या पलंगावर नंदुरबारची एक मुलगी बसली होती. गंभीर, जाड वेण्या घातलेली. विजयमालेने गादी टाकली, पोतं पलंगाखाली सारलं, आणि माझ्याकडून नेलेली तीन-चार पुस्तकं उशाशी रचली. ती किती दिवसांची परत यायची आहेत हे मी तिला विचारलं नाही.

"तू कुठली गं?" नंदुरबारच्या मुलीने विचारलं.

विजयमालेने तोंड उघडलं. सरोजिनीबाई बाहेर व्हरांड्यात उभ्या होत्या, पाठमोऱ्या, खालचं आवार बघत.

"बाहेरची," हिंदुराव दारातून घाईघाईने म्हणाले. "बाहेरची हाय ती. बाहेरची."

ती मुलगी गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिली. विजयमाला हसली नाही. ती उठून वडिलांजवळ आली, त्यांच्या हातातली टोपी घेतली, झटकली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मग वळून त्या मुलीला म्हणाली, "पिंपळखडकची. कमान आहे आमच्या गावाला. बाबांनी बांधलीये."

पुढे कुठलं शहर, कुठला जिल्हा, काहीच ती बोलली नाही. बाईंनीही मागे वळून पाहिलं नाही.

परत येताना हिंदुरावांनी आम्हाला स्कॉर्पिओतून घरी सोडायचं ठरवलं. हेमा आणि बायडाबाई उरलेलं पोतं मध्ये ठेवून मागे बसल्या आणि शेंगा भाजायच्या की उकडायच्या यावर बोलू लागल्या. मी पुढे. बजरंग टेम्पोतून पलंग, पिंप, शेगडी आणि शिलाई मशीन घेऊन पुढे निघून गेला होता. लकडी पूल ओलांडला तेव्हा हिंदुरावांनी गाडीचा वेग कमी केला.

"सर, एक इचारू?"

"विचारा."

"तुमचं कोथरूड कधी आलं हद्दीत?"

मला नक्की साल आठवेना. संदर्भ विभागात असतो तर बघून सांगितलं असतं. "फार जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो. "मी तरुण होतो तेव्हाही आत होतं."

"आन् तरीबी?"

"तरीही."

हिंदुरावांनी मान हलवली. मग हसायला लागले, हळूच, मग मोठ्याने, मग मलाही हसू आलं.

"काय झालं?" मागून हेमाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

"मग हसता कशाला? सिग्नल सुटलाय, त्यांना गाडी चालवू द्या," हेमा म्हणाली. मूळ पत्ता नारायण पेठ. आम्ही दोघे गप्प बसलो आणि ती सांगेल त्या वळणाने कोथरूडला आलो.